पेटीच्या आतून

सिद्धू गेल्याचा फोन आला तेव्हा मी कळंबला होतो, आणि खोटं कशाला बोलू, मला आधी हसूच आलं. आमच्या बँडच्या प्रत्येक कार्यक्रमात हा पठ्ठ्या मरायचाच. तोंडाला राख, डोळ्यांभोवती काजळ, सागवानी पेटीत आडवा पडायचा आणि शेवटच्या गाण्याला लाथेनं झाकण उडवून उठायचा. पांढरकवड्याची पोरं किंचाळायची, म्हातारे शिव्या घालायचे. त्याची आई, आमच्या काकू, कधी बघायला आल्याच नाहीत. जित्या लेकाला पेटीत कोण पाहील, म्हणायच्या.

एकदा तालमीत झाकण अडकलं. बाहेर काढला तेव्हा त्याला शुद्ध नव्हती. तेव्हापासून नेम ठरला. मी ड्रमच्या काडीनं पेटीवर टकटक करायची, त्यानं आतून उत्तर द्यायचं. उत्तर नाही तर गाणं नाही. ‘जित्ता’ हा अल्बम आम्ही कापसाच्या एका बंद पडलेल्या जिनिंग कारखान्यात, समोर माणसं बसवून रेकॉर्ड केला, त्यात सुरुवातीला ती टकटकही आली. रेकॉर्डिंगवाला ती कापायला निघाला, तर सिद्धू म्हणाला, “राहू द्या. गानं मंग, आधी मानूस जित्ता पायजे.” हायवेच्या ट्रकवाल्यांनी तो अल्बम पार हैदराबादपर्यंत वाजवला. तोवर आम्हाला कुत्रंही विचारत नव्हतं. लोक भेटले की गाण्यांच्या आधी त्या टकटकीचंच बोलायचे.

झोपेतच हृदय बंद पडलं म्हणे. मी त्याच्या घरी पोचलो तेव्हा पुण्याहून येणाऱ्या बहिणीची वाट बघत त्याला भाड्याच्या फ्रीजर-पेटीत ठेवलं होतं. चेहरा धुतलेला, राख नाही, काजळ नाही... मला तो ओळखूच येईना. काकू उठल्या आणि त्यांनी माझं मनगट धरलं.

“वाजव ना बाबू. तू वाजवल्याबिगर उठत नाही तो.”

बुद्धवंदना म्हणणारी माणसं मध्येच थांबली. त्या माउलीला नाही कसं म्हणू? मी बोटानं काचेवर वाजवलं, आणि नेमकी तेव्हाच पेटीची मोटर बंद पडली. सगळे काचेकडे बघत राहिले. मीही, निर्लज्जासारखा, वाट बघत राहिलो... मग मोटर धडधडत परत सुरू झाली.

आमची सागवानी पेटी अजून तालमीच्या खोलीतच आहे. तिच्यात वायरी ठेवतो. उघडायच्या आधी हात आपोआप वाजवतो, काय करणार! संध्याकाळी काकू येतात, झाकणावर तळवा ठेवून बसतात, “लाव” म्हणतात. मी ‘जित्ता’ लावतो. माझी काडी, मध्ये जराशी शांतता, मग त्याचं उत्तर. “आहे,” म्हणतात आणि उठतात. गाणी त्यांनी अजूनही ऐकलेली नाहीत.

रेकॉर्ड केलेला आवाज, तो काय मागेपुढे होणार! पण काल उत्तर यायला... मी स्वतःलाच वेड्यात काढत होतो, तेवढ्यात काकूंनी झाकणावरचा तळवा उचलला.

“आज लय उशीर केला त्यानं,” त्या म्हणाल्या.