फिकं कालवण

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, लेकीला नाही. देवापुढे आठवण झाली तर मी घाईघाईनं आरतीच सुरू करायचे. मग आता तुम्हाला का? दमले म्हणून. म्हातारपणी लबाडी सांभाळायला फार बळ लागतं हो.

नव्वद सालानंतरची गोष्ट. पेणला रामवाडीत आम्ही दोघी जावा एका चुलीवर. माझ्या अंगावर सारख्या गांधी उठायच्या. पनवेलचे डॉक्टर म्हणाले, मसाल्यात, हळदीत, चहात, टोमॅटोत, बऱ्याच फळांत सॅलिसिलेट म्हणून काहीतरी असतं — तुम्ही डोकं दुखलं की जी गोळी घेता, तिच्यातही त्याचाच भाऊबंद. ते तुम्हाला सोसत नसावं. थोडे आठवडे सगळं बंद करा, मग एकेक खाऊन बघा.

हे शेवटचं वाक्य मी घरी सांगितलंच नाही. विसरले म्हणू? नको — विसरले नव्हते. वर्षाचा मसाला भाजायचे दिवस तोंडावर आले होते. मिरचीच्या खकाण्यातून सुटका मिळत असेल तर कुणाला नको?

माझ्या थोरल्या जाऊबाई — मी त्यांना ताई म्हणायचे — खाडीकडच्या. वडील मिठागरावर. चिंच घातलेलं जिताडा माशाचं लालभडक कालवण म्हणजे त्यांचा जीव की प्राण. घरातले पुरुष, पोरं जेवली की आम्ही दोघी शेवटी एका ताटात जेवायचो. पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्यासाठी नुसत्या लसूण-मिठातलं कालवण केलं. आणि स्वतःही तेच घेतलं.

"एकटीनं कशाला गो फिकं जेवायचं? मी हाय ना."

मग मी माहेरी रोह्याला गेले. भाऊ धाटावच्या कंपनीत. शिफ्टवरून येताना त्यानं कोळंबी आणली. आईनं हळद, मसाला, कोकम सगळं घालून केली. एकेक खाऊन बघायचं राहिलं बाजूला, बाईसाहेबांनी भाताचा डोंगर चापला. मग गांधींची वाट बघत बसले. एकही नाही. दुसऱ्या दिवशी चहा, टोमॅटो, पेरू — काही नाही. पुढे डॉक्टरही म्हणाले, तुम्हाला गोळीच बाधते. ती टाळा, बाकी सगळं खा.

त्या खेपेला रोह्याहून परतताना घरी सांगायचं तेवढं उरलं होतं. एसटी नागोठण्याला येईपर्यंत सांगणार होते. वडखळला येईपर्यंतसुद्धा. घरी पोचले तर दारात ताई. "सुकलीस गो. माहेरी तुझं पथ्य कोण सांभाळणार?" आणि समोर वाफाळता भात, फिकं कालवण. झालं, हात धुऊन मी ताटावर बसले. लाड कुणाला कडू लागतात?

वर्षं गेली. रोह्याला जाऊन ताव मारायचा, पेणला येऊन पथ्याचं तोंड करायचं. काय नटी होते मी — उसासेसुद्धा बेतानं टाकायचे. ताई पुरुषांचं कालवण रांधायच्या. मीठ बघायला तळहातावर थेंब घ्यायच्या, चाटायच्या आणि क्षणभर डोळे मिटायच्या. मग हात धुऊन आमच्या ताटात फिकं वाढायच्या. ते डोळे मिटणं मी बघायचे. बघायचे ना? मग?

मग काही नाही. जेवायचे.

पुढे त्यांच्या पोटाचं दुखणं निघालं. तिखट, आंबट कायमचं बंद झालं. सगळे हळहळले — खाडीकडची बाई, हिला कसं जमायचं? त्या हसल्या. माझा हात धरून म्हणाल्या, "मला काय जड नाय. हिच्यामुळं सवय झालीय. उपकार गो तुझे."

उपकार. सांगायची याहून चांगली वेळ आली असती का? मी म्हटलं, "असं काय बोलता ताई." — आणि ते उपकार ठेवून घेतले.

त्या दुखण्यातून उठल्या नाहीत.

दिवसकार्य उरकल्यावर एकदा नवऱ्यानं जिताडा आणला. कालवण मी रांधलं, चिंच घालून, लाल. मीठ बघायला तळहातावर थेंब घेतला. आणि मग सगळ्यांदेखत ताटभर वाढून घेतलं. अंगावर काहीच उठलं नाही.

नवरा बघत राहिला. म्हणाला, "वयनी जाताना तुझं दुखणंबी घेऊन गेली."

मी म्हटलं, "व्हय." आणि आणखी थोडं कालवण घेतलं.