कड्याच्या कटिंगच्या दुकानात सापडलेला लंडनचा डॉक्टर

माझं दुसरं लग्न मोडणारी बाई परवा गेली.

शेवंताआत्या. माझ्या वडिलांची थोरली बहीण.

माझं पहिलं लग्न जुळवणारीही तीच. ते दोन वर्षांत मोडलं, पण ते काही तिनं मोडलं नव्हतं.

केज तालुक्यातल्या कितीतरी सोयरिकी तिच्या हातच्या. लग्नात जेवायला बसली तरी तिचे डोळे समोरच्या पंगतीत स्थळं शोधत फिरायचे.

मी केजला ब्यूटी पार्लर चालवते. दुसऱ्यांच्या नवऱ्या नटवते. घटस्फोटानंतर बरीच वर्षं रोज तेच केलं.

मग मोबाईलवर डॉक्टर समीर आले.

लंडनला हार्ट सर्जन. बायको वारलेली. दिसायला... जाऊ द्या.

बोलता बोलता मी म्हटलं, माझं आजोळ आष्टी तालुक्यात. तर त्याचंही गाव तिथलंच निघालं, कडा! मला तो देवाचा कौलच वाटला.

रोज सकाळी मेसेज यायचा. "सुप्रभात प्रिये, तू माझ्या हृदयाची महाराणी आहेस."

व्हिडिओ कॉल करू म्हटलं की हॉस्पिटलमध्ये नेटवर्क नसायचं. लंडनच्या हॉस्पिटलमध्ये! आमच्या विहिरीवर असतं.

हसा. मीही आता हसते.

पण तेव्हा मी खरंच सुखात होते. जेवलीस का, दमलीस का, असं कोणीतरी मला विचारत होतं.

मग त्यानं पाठवलेलं गिफ्ट विमानतळावर अडकलं. सोडवायला पैसे भर म्हणाला.

मी आईनं केलेल्या पाटल्या काढल्या आणि पर्समध्ये ठेवल्या. दुसऱ्या दिवशी सोनाराकडं जायचं ठरवलं.

माझे मोकळे हात आत्यानं बघितले.

"पाटल्या कुठं गं?"

तिच्यापुढं खोटं टिकायचं नाही. मी सगळं सांगितलं. फोटो दाखवला, मेसेज वाचून दाखवले.

"कड्याचं पोरगं आन् प्रिये म्हणतंय?" आत्या म्हणाली. "आपल्याकडचा माणूस बायकोला 'आगं ऐकलंस का'च्या म्होरं काय म्हणत न्हाई."

"शिकलेला आहे तो, आत्या."

"आसंल. पण आपल्यात पोरगी दाखवत्यात. हितं पोरगाच पदराआड बसलाय. आन् बैठक व्हायच्या आधीच मागणी?"

मग तिनं तो प्रश्न विचारला. कुठलंही स्थळ आलं की तिचा पहिला प्रश्न हाच असायचा.

"मामा कुठले त्याचे?"

मी त्याला मेसेज केला. लगेच उत्तर आलं, "मामाही कड्याचेच. आमचं आणि मामांचं आडनाव एकच."

आत्या पोट धरून हसली. "बापाचं आन् मामाचं कूळ एकच? भावकीतच लगीन लावलं का काय ह्यांनी?"

माझं डोकं फिरलं. "तुझी चौकशी बघितली मी! मामा, आजा, वावर, विहीर, सगळं विचारलं होतंस ना माझ्या वेळी? काय उजेड पडला?"

आत्यानं तो फोटो परत एकदा बघितला.

"एक दिस थांब," एवढंच म्हणाली. "उद्या सोनाराकडं जाऊ नको."

सकाळी फोटोची प्रिंट काढून घेतली, एसटीत बसली, बीडला गाडी बदलून कड्याला गेली. तिची पद्धत ठरलेली होती. मुलाची चौकशी त्याच्या घरी करायची नाही, घरचे गोडच बोलतात. कटिंगच्या दुकानाच्या पायरीवर बसायचं. तिथं माणसाचं व्यसन, उधारी, स्वभाव सगळं कळतं.

संध्याकाळी परत आली. काखेत कागदाची गुंडाळी.

"भेटला तुझा डॉक्टर."

"कुठं?"

"कटिंगच्या दुकानात. भिंतीवर."

तिनं बाजेवर गुंडाळी उलगडली. हेअरस्टाईलचं पोस्टर. ओळीनं नुसती डोकी, आणि सगळ्यात खाली, कानावरचे केस बारीक केलेला माझा हार्ट सर्जन. तोच शर्ट, तेच हसू.

"दुकानवाला म्हनला, मावशी, ही कटिंग लई चालती. गावातली निम्मी पोरं अशीच दिसत्यात, तुमाला कोणतं पायजे?"

आणि मी पार्लरवाली! माझ्या भिंतीवर अशीच पोस्टरं!

मी हसायला लागले, आणि हसता हसता रडायला लागले.

"कावून रडायलीस? पाटल्या वाचल्या की."

"पाटल्यांचं नाही गं आत्या."

"ठावं हाय मला."

तिनं माझ्या हातात पाटल्या चढवल्या. माझ्याकडं न बघता म्हणाली, "तुझ्या टायमाला म्या घर बघितलं, वावर बघितलं. पोरगा कसा हाय ते बघितलंच न्हाई. चूक माझीच. म्हनून ह्या टायमाला सोता गेलते."

गळ्यात पडायची आमच्या घरात पद्धत नाही. मी चहा टाकला.

येताना कड्यातून ती दोन खरी स्थळंही घेऊन आली होती. मी दोन्हीला नाही म्हटलं.

"बग बाई," म्हणाली. "पण ही चालती-बोलती हायेत."

तुमच्यापैकी कोणाला असा डॉक्टर भेटला असेल तर लाजू नका. घरातल्या एखाद्या खमक्या बाईला फोटो दाखवा.

आज सकाळी सावडून आलो. दारात चपला मावत नव्हत्या. तिनं जुळवलेली जोडपी लेकराबाळांसह आली होती.

मी कोपऱ्यात बसले होते, तेवढ्यात मोबाईल वाजला. अनोळखी माणूस. कॅनडाचा इंजिनिअर.

"हॅलो डिअर, तुझे डोळे खूप बोलके आहेत."

डोळे रडून सुजले होते. तरी मी टाईप केलं,

"मामा कुठले तुमचे?"

त्यानं मलाच ब्लॉक केलं.

भरल्या घरात मी एकटीच हसले. आणि मग कळलं, हे जिला सांगायचं ती आता नाही.

निवांत जा, आत्या. इथली चौकशी मी बघते.

तुझ्या भाचीचा, पाटल्या घातलेल्या हातांनी शेवटचा नमस्कार.