एउदाल्दचा काळा पट्टा

रेमेई बुशादोस सोळा वर्षं आमच्या प्रयोगशाळेत क्वांटम डॉट बनवते. तिच्या काळपट द्रावणातले अतिसूक्ष्म कण प्रकाश पकडतात आणि त्यांच्याखालचा ग्राफीनचा, म्हणजे कार्बनचा अतिपातळ थर त्याची खबर वीज करून तारेपर्यंत पोचवतो. डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाशही त्यातून सुटत नाही. पण या दोन्हींपासून बनवलेल्या डिटेक्टरनं गेला महिनाभर आमचं डोकं उठवलं होतं. मिट्ट अंधारातही त्यातली वीज खाली यायला तयार नव्हती.

"तुझे डॉटच बिघडलेत," एउदाल्द म्हणाला. हा आमचा प्रमुख, रेमेईपेक्षा वीस वर्षांनी लहान.

"आधी तुझा अंधार नीट आहे का बघ."

"त्यावर माझा पट्टा आहे, बाई. अकरा वर्षं तो बांधून मनोऱ्याच्या तळाला उभा राहिलोय."

इथे सणासुदीला माणसांच्या खांद्यावर माणसं चढून मनोरे रचतात, तेव्हा कमरेला लांबलचक काळा पट्टा आवळतात. डिटेक्टर अंधारात तपासायच्या डब्याचं झाकण तडकलं तसा एउदाल्दनं तो पट्टा सात वेढे देऊन गुंडाळला. आता त्यावर शंका घेणं म्हणजे त्याच्या आईबद्दल वाकडं बोलणं. मीही गप्प बसले, याचा मला अजून राग येतो. रेमेईच्या तीन बॅच नापास झाल्या. चौथीही शुक्रवारी, डिटेक्टर बघायला येणाऱ्या पाहुण्यांसमोर, नापास झाली तर डॉट बाहेरून विकत आणायचे आणि रेमेईला गोदामात बसवायचं, असं ठरलं.

गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत ती तणतणत आली आणि तिनं शेजारच्या टेबलावरचा हॅलोजनचा दिवा बंद केला. पडद्यावरची विजेची रेघ खाली आली. दिवा लावला, रेघ वर. मग तिनं आम्लेटच्या पावाचा ॲल्युमिनियमचा चकचकीत कागद सोडवून पट्ट्यावर गुंडाळला. आता दिवा चालू असूनही रेघ तळाला.

"पट्टा आपल्या डोळ्यांना काळा," ती मला म्हणाली. "दिव्याच्या अवरक्ताला नुसती जाळी. आणि बोलणी मी खातेय."

एउदाल्दनं येऊन चारदा दिवा चालू-बंद केला. त्याचे कान लाल झाले.

"डॉट चांगले आहेत," तो शेवटी म्हणाला. "म्हणजे आधीच्या तिन्ही बॅचही चांगल्याच. काढ त्या, उद्या पाहुण्यांना दाखवू."

रेमेईनं फाइलमधून तीन कागद काढून त्याच्यापुढे ठेवले. बॅच ओतून टाकायचे हुकूम होते ते. तिन्हींवर त्याचीच सही.