मागच्या सीटवरचे धक्के

वडिलांचं डायलिसिस सुरू होऊन दीड वर्ष झालं होतं. आठवड्यातून तीनदा खापरखेड्याहून रामदासपेठेतलं हॉस्पिटल आणि परत. जाताना ते माझ्या शेजारी बसत. येताना अंगात त्राण नसायचं, म्हणून मागच्या सीटवर आडवे होत. गाडी जुनी. मागच्या शॉकअपमधलं तेल गळून गेलेलं, त्यामुळे स्पीडब्रेकर ओलांडला की मागची बाजू कितीतरी वेळ डुलत राहायची आणि वडिलांना मळमळायचं. म्हणून मी चांगल्यातले, गॅसचे नवे शॉकअप बसवून घेतले.

डुलणं थांबलं, पण रस्त्यावरची बारीकशी खाचसुद्धा आता मागून दणका द्यायला लागली. आरशात पाहिलं तर वडील डोळे मिटून, दाराचा दांडा धरून पडलेले.

"लागतंय का बाबा?"

"नाही. चालव तू."

गॅरेजवाला म्हणाला, "नवीन आहेत मॅडम, थोडी चालू द्या, सेट होतील." मी पंधरा दिवस चालवली. टायरमधली हवा जास्त होती ती बरोबर करून घेतली, फरक पडला नाही. शाळेतल्या एका सहकाऱ्याने मागे वजन ठेवून बघा म्हटलं, तर डिक्कीत तांदळाचे दोन कट्टे टाकले.

"हे तांदूळ काहून फिरवून राहिली वं?" वडिलांनी विचारलं. कारण सांगितलं तेव्हा ते हसले आणि मग कुशीवर वळून म्हणाले, "मी पडल्या पडल्या पाहून राहिलो. स्पीडब्रेकरवर गाडी बरी जाते. बारीक खड्ड्यातच मारते. म्हणजे शॉकअप खराब नाही, तो मोकळा हालून नाही राहिला. अन् गाडी मागून जरा उंच झाली, मले चढतानाच समजलं."

तीस वर्षं त्यांनी पॉवर हाऊसमध्ये टर्बाइनवर काढली होती. मला रागच आला.

"मग आधी काहून नाही सांगितलं?"

"तू थकलेली दिसे. म्हटलं, तुले आणखी एक काम कशाले."

मी गिअर बदलला तो जरा जोरातच.

डायलिसिस नसलेल्या दिवशी कॉलनीबाहेरच्या एका म्हाताऱ्या मेकॅनिककडे गेलो. वडील हट्टाने आले, प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले आणि तिथूनच म्हणाले, "शॉकअपचे बोल्ट कसताना चाकं लटकून होती का, ते पाहा गा."

मेकॅनिक टॉर्च घेऊन खाली वाकला. बऱ्याच वेळाने म्हणाला, "बरोबर बोलले काका. गाडी जॅकवर असतानाच आवळले. खाली उतरवली की बोल्टाभोवतीचं रबर पिळलं जाते अन् तसंच राहते."

त्याने गाडी गॅरेजमधल्या, खाली उतरून काम करायच्या खड्ड्यावर घेतली, बोल्ट सैल केले, मला मागच्या सीटवर बसवलं आणि चाकांवर पूर्ण भार असताना खालून ते पुन्हा आवळले. अर्ध्या तासाचं काम. मी त्या सीटवर बसले आणि लक्षात आलं, या दीड वर्षात मी इथे एकदाही बसले नव्हते. पाठ टेकायला जागा किती कमी होती.

दुसऱ्या दिवशी येताना विचारलं, "आता?"

"बरंच कमी झालं."

"पूर्ण नाही गेलं?"

"हे शॉकअप कडकच आहेत वं, भरल्या गाडीसाठीचे. चालते."

मला वाटलं होतं, बरं वाटेल. फक्त खांदे दुखत होते. कोराडीच्या पुढे मागून घोरण्याचा आवाज आला. घरासमोर गाडी थांबवली तरी ते उठले नाहीत, घोरणं चालूच होतं. मलाही उठवावंसं वाटेना. इंजिन बंद करून, स्टिअरिंगवर हात ठेवून मी तशीच बसून राहिले.

आईने दार उघडलं. "काहून उतरून नाही राहिले वं तुम्ही?"

"झोपलेत," मी म्हटलं. तिने काचेतून डोकावून पाहिलं आणि पायरीवर बसली.