गांधाराची जागा

माकणीत शिवरंजनीला दोन नावांनी ओळखतात. शाळेकडची माणसं तिला ड्रेसवाली म्हणतात, कारण जूनच्या आधी निम्म्या गावचे गणवेश तिच्या शिलाई मशीनखालून जातात. लग्नसराई लागली की ती कीबोर्डवाली होते. शिवशंकरच्या बँजो पार्टीत बँजो, ढोल, पॅड सगळं पुरुषांकडं. टेम्पोत उभं राहून कीबोर्ड वाजवणारी बाई ती एकटी. पहिल्या वरातीत लोक गाणं ऐकायला नव्हे, तिला बघायला जमले होते. त्याला सहा वर्षं झाली. आता कुणी बघत नाही. चुकली तर मात्र माना लगेच वळतात.

नाव वडलांनी ठेवलेलं. शांतलिंगअप्पा दर सोमवारी महादेवाच्या देवळात भजनाला पेटी वाजवायचे. पोरगी जन्मली तेव्हा मी शिवरंजनी वाजवत होतो, असं ते पाहुण्यांना सांगत. त्यावर आई आतून म्हणायची, "काय बी सांगताव. त्या दिवशी तुमी ज्वारी काढायला गेलता."

अप्पांनी तिला पेटी शिकवली ती शेजारी बसवून. "बा अव्वा, कुंद्रु," ये बाई, बस, एवढंच कानडीत म्हणायचे आणि भाता तिच्या हातात द्यायचे. बोटं ठेवायला मिळाली ती दोन वर्षांनी. पेटीचा एखादा सूर उतरला की ते त्याची आतली पितळी पट्टी काढून बारीक कानशीनं टोकाशी घासत, वाजवून बघत, पुन्हा घासत. सूर नीट लागला की पेटीला हात लावला तरी लाकूड थरथरत नाही, नुसतं गरम वाटतं, असं त्यांचं म्हणणं. एकदा तिनं विचारलं होतं, दोन पट्ट्यांच्या मधला सूर कुठं असतो? अप्पा म्हणाले, "पेटीत बारा घरं. गळ्याला घर न्हाय, त्यो रानातच ऱ्हातो."

अप्पांना जाऊन नऊ वर्षं झाली. पेटी राहिली. कीबोर्ड तिनं मोबाईलवर बघून शिकला. कुठल्या तरी देशातली एक मुलगी हसत हसत सांगायची, चार कॉर्डांवर, एकदम दाबलेल्या सुरांच्या चार जुडग्यांवर, निम्मं जग गातं. शिवरंजनीनं ते आपल्या वहीत आपल्या भाषेत उतरवलं: सा, मग प, मग ध, मग म, पुन्हा सा. करून पाहिलं, तर खरंच. इंग्रजी गाणं त्यावर बसलं, हिंदी बसलं, गेल्या हंगामात वरातीत गाजलेलं मराठी गाणंही बसलं. पाण्याच्या चार खेपांसारखा तो फेरा तिला पाठ झाला. त्यावर पार्टी चालली. फक्त गजराबाई त्यावर बसल्या नाहीत.

गजराबाई म्हणजे गल्लीतल्या हळदीचा आवाज. लग्नाच्या आदल्या दिवशी जात्याला हळकुंड बांधायचं, नवरीची हळद दळायची, आणि जात्यात हळद आहे तोवर गाणं थांबवायचं नाही, ही रीत. चाळीस वर्षं ते गाणं गजराबाईंनी म्हटलं. चैत्रात शेजारच्या घरी हळद होती आणि दारात पार्टी आलेली. यजमानांना वाटलं, आजीच्या गाण्याला म्युझिक लावलं तर व्हिडिओ चांगला येईल. माईक जात्यापाशी नेला. शिवरंजनीनं काळी चार धरली, डाव्या हाताचं एक बोट ठेवलं, आणि कीबोर्डातून भरगच्च कॉर्ड उठली. गजराबाईंचा आवाज त्यावर आपटला. पहिली ओवी, दुसरी ओवी. दोन्ही एकमेकांत, दाण्यांत खडे मिसळल्यासारखे. तिसऱ्या ओवीला शिवशंकर माईकवर म्हणाला, "आजी, सूर सुटला की! वय झालं आता, ऱ्हाऊ द्या!"

मांडव हसला. गजराबाईंनी जात्याचा खुंटा सोडला, पदर डोक्यावर घेतला आणि उरलेली हळद न दळता घरी गेल्या. शिवशंकर वाईट माणूस नाही. त्याला माईक हातात आला की काहीतरी बोलावं लागतं, एवढंच. शिवरंजनी मात्र त्या वेळी गप्प बसली. ती का गप्प बसली हे तिला तेव्हाही कळत होतं: सूर आजीचा सुटला की आपल्या हाताचा, अशी शंका तिला पहिल्याच ओवीला आली होती.

वैशाखात एका दुपारी गजराबाईंची नात करिश्मा ब्लाऊज घ्यायला आली. शनिवारी तिची हळद, रविवारी लग्न. ब्लाऊज अंगाला लावून बघताना तिचं लक्ष नव्हतं.

"आत्या, आजी जात्याला हात लावीना. म्हणती, जातं तुमी फिरवा, गाणं मोबाईलवर लावा."

"आणि तू काय म्हणालीस?"

"म्या काय म्हणणार? सगळ्या गावाच्या पोरींची हळद तिनं गायली. माझीच मुकी जाणार." तिनं ब्लाऊजची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. "तुमच्याच पार्टीची सुपारी दिलीया बाबानं."

करिश्मा गेल्यावर शिवरंजनीनं मशीनवरचं कापड उतरवून ठेवलं. शनिवारला चार दिवस होते. ती पेटी कमरेवर घेऊन निघाली.

गजराबाई ओसरीत डाळ निवडत होत्या. पेटी बघून त्यांनी सूप बाजूला केलं नाही.

"कशाला आलीस गं? अजून सूर सुटायचा ऱ्हायलाय व्हय?"

"मावशी, एकदा म्हणून दाखवा. मला ऐकायचंय."

"ऐकलीस की चैतात. सगळ्या गावानं ऐकलं." त्यांनी एक खडा उचलून अंगणात भिरकावला. "माझा आवाज गेला म्हणत्यात. गेलेल्या आवाजाला कशाला हुडकायलीस?"

शिवरंजनी तासभर बसली. गजराबाईंनी चहा दिला, गणवेशांची चौकशी केली, पण गाण्याचं नाव काढू दिलं नाही. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी शिवरंजनीनं विचारलंच नाही. ओसरीच्या कोपऱ्यातल्या जात्यापाशी गेली, मूठभर ज्वारी टाकली आणि खुंटा धरून फिरवू लागली. जातं अडखळलं, मग एकदम पळालं, पीठ एकीकडूनच सांडू लागलं.

गजराबाईंनी सूप खाली ठेवलं. "अगं, जातं हाय का शिलाई मशीन? किती पळवशील!"

"येत न्हाय मला."

"दिसतंय. सरक."

त्या समोर बसल्या. खुंट्यावर दोघींचे हात आले. जातं दोन फेऱ्यांत शांत झालं, घरघर एका जागी बसली, आणि गजराबाईंचे ओठ त्यांना न विचारता हलले.

जात्या, फिर हळू हळू, हळदीला रंग आला,
दारातल्या लेकीचा पाय उंबऱ्यात गेला.

शिवरंजनीनं खुंट्यावरचा हात काढून घेतला आणि पेटी पुढं ओढली. षड्ज मिळाला, काळी चारच. पंचमही मिळाला, अगदी भिंतीसारखा सरळ. 'रंग' या शब्दावर आवाज गांधारावर, सा आणि प यांच्या मधल्या 'ग'वर, जात होता. तिनं कोमल गांधार दाबला. गजराबाईंचा सूर त्याच्या वर होता. शुद्ध दाबला, तर आवाज त्याच्या खाली. दोन्ही वेळा हवेत ती थरथर उठली, अप्पा लाकडाला हात लावून ओळखायचे ती. आणि दर ओवीला, दर वेळी, गजराबाई त्याच जागी येत होत्या. केसभर इकडं नाही, केसभर तिकडं नाही. चुकणारा माणूस रोज वेगळीकडं चुकतो.

तिनं गांधाराच्या दोन्ही पट्ट्या सोडून दिल्या. नुसता सा आणि प धरून ठेवला. मधली जागा मोकळी. थरथर थांबली. गजराबाईंचा गांधार त्या दोन सुरांच्या मध्ये येऊन बसला, आणि पेटीचं लाकूड तिच्या मांडीला गरम लागलं.

गजराबाई थांबल्या. "हे काय केलीस?"

"काय न्हाय. तुमच्या मधे येत व्हते, बाजूला झाले."

"मग चैतात का न्हाय झालीस?"

याचं उत्तर कीबोर्डवर चिकटवलेलं होतं.

कीबोर्डवर एक बटण असतं. ते चालू असलं की डाव्या हातानं एकच पट्टी दाबली तरी यंत्र आपणहून तिच्यात गांधार आणि पंचम मिसळून पूर्ण कॉर्ड वाजवतं. टेम्पो खड्ड्यातून गेला की धक्क्यानं ते बटण बंद व्हायचं आणि वरातीत मध्येच आवाज पातळ पडायचा. म्हणून पहिल्याच वर्षी शिवशंकरनं त्याच्यावर काळी चिकटपट्टी मारली होती. सहा वर्षांत तिच्याखाली काही आहे हे सगळे विसरले होते. शिवरंजनीसुद्धा. आजीच्या गाण्यात शुद्ध गांधार कोंबला होता तो त्या चिकटपट्टीनं, आणि तिच्या बोटानं.

शुक्रवारी सकाळी ती शिवशंकरच्या दुकानावर गेली. तो ढोलाची दोरी ताणत होता. तिनं सगळं सांगितलं.

"म्हंजी आमी कॉर्ड लावायची न्हाय?" तो म्हणाला. "ताई, कॉर्ड काढली तर गाण्यात ऱ्हातं काय?"

"आजीचा आवाज ऱ्हातो. खाली जातं हाय."

"आजीचा सूरच कुठल्या पट्टीत बसत न्हाय. त्याला बेसूर म्हणत्यात."

तिनं मोबाईल काढला. परदेशातला एक म्हातारा काळा माणूस गिटारवर गात होता. गाता गाता तो तार बोटानं वर ओढायचा, आणि सूर दोन पट्ट्यांच्या मध्ये जाऊन उभा राहायचा. नेमका गांधार. समोर बसलेले लोक डोळे मिटून डुलत होते. मग तिनं दुसरा व्हिडिओ लावला. अरबी मुलखातला कुणी, भोपळ्यासारख्या पोटाचं तंतुवाद्य घेऊन, त्याचाही गांधार मधलाच.

"हे बी बेसुरे का, शिवादादा?"

शिवशंकरनं दोन्ही व्हिडिओ शेवटपर्यंत बघितले. दुसरा पुन्हा मागं नेऊन बघितला. "ह्यांचं चालतंय," तो म्हणाला. "गजराआजीला कोण इचारतंय?"

"मी इचारायलेय. ती चिकटपट्टी उद्या मी काढणार. काढू देणार नसाल तर माझ्या जागी दुसरा माणूस बघा."

"लग्नसराईत कुठून आणू माणूस?"

"त्ये तुमी बघा."

तो दोरी ताणत राहिला.

शनिवारी ऊन कलल्यावर करिश्माच्या दारात मांडव भरला. जात्याला हळकुंड बांधलं. गजराबाई आत स्वयंपाकघरात बसून होत्या. करिश्मा दोनदा बोलवून आली, त्या म्हणाल्या, पापड तळायचेत. शिवरंजनीनं कीबोर्डवरची काळी चिकटपट्टी नखानं उचलली आणि ओढली. खाली चिकट डाग निघाला आणि त्याच्या मधोमध ते बटण. तिनं ते दाबून बंद केलं. मग शिवशंकरच्या हातातला माईक घेतला. पार्टीतल्या सहा वर्षांत ती माईकवर कधी बोलली नव्हती.

"चैतातल्या हळदीला सूर सुटला व्हता," ती म्हणाली. "त्यो गजरामावशीचा न्हाय सुटला. माझ्या हातानं सुटला. मावशीचा सूर जिथं हाय तिथं आमच्या बाज्यात पट्टीच न्हाय. हसलाव तुमी मावशीला, हसायचं व्हतं मला."

शिवशंकर जमिनीकडं बघत होता. मग त्यानं माईक तिच्याकडून घेतला, पण बोलला नाही. नेऊन जात्यापाशी ठेवला, आणि ढोलवाल्याला हातानंच थांब म्हणून खुणावलं.

गजराबाई दारात आल्या. हाताला पापडाचं तेल होतं. त्यांनी ते पदराला पुसलं, शिवरंजनीकडं एकदा नीट बघितलं आणि जात्यापाशी बसल्या. करिश्मानं समोरून खुंटा धरला. हळद पडली. जातं फिरलं.

शिवरंजनीनं दोन बोटं ठेवली. सा आणि प. मधलं बोट तिनं वर उचलून धरलं होतं, नको तिथं पडेल म्हणून. पहिल्या ओळीला आवाज जरा चाचपडला. दुसरीला 'लेकी'वर गांधार आला आणि जिथं यायचा तिथं बसला. कुठं थरथर नाही. करिश्मा खुंटा फिरवता फिरवता रडत होती, तरी फेरा चुकला नाही. मागच्या ओळीतल्या काही पोरांनी, नाचायचं कधी, असं विचारलं. त्यांना बायकांनी गप्प केलं.

चार ओव्या झाल्या. गजराबाई श्वासाला थांबल्या. शिवशंकर पुढं वाकून म्हणाला, "आजी, दमला असाल तर ऱ्हाऊ द्या. झालं की."

"झालं कसं?" गजराबाई म्हणाल्या, आणि ते माईकवर सगळ्या मांडवाला ऐकू गेलं. "हळद किती ऱ्हायलीया ती बघ आधी."

त्यानं वाकून जात्याशेजारचं हळदीचं सूप बघितलं. निम्म्याहून जास्त होती. तो मागं सरकला, आणि शिवरंजनीनं ती दोन बोटं पुन्हा खाली ठेवली.