खवट तेल आणि संत्र्याची साल

लग्न होऊन डोंबिवलीत आले तेव्हा माझं बी.एस्सी.चं शेवटचं वर्ष राहिलं होतं. ते पुरं करायला मला मुंबईला कॉलेजात जायचं होतं, आणि परवानगी सासूबाईंच्या हातात होती. सासरे आणि नवरा दोघंही त्यांच्याकडे बोट दाखवून मोकळे झाले. पुरुषांना हे बरं जमतं!

एकदा चिवडा खवट लागला म्हणून सासऱ्यांनी बशी बाजूला सारली. सासूबाई माझ्याकडे वळल्या.

"अगो, केमिस्ट्री शिकलीस ना? मग तेल खवट होणार नाही असं काहीतरी कर बघू. जमलं तर जा कॉलेजात."

मी हरखले. संत्र्याच्या सालीतल्या तेलाविषयी वर्गात ऐकलं होतं. त्यात बहुतेक सगळं लिमोनीन नावाचं सुवासिक द्रव्य, बाकी किरकोळ पदार्थ. त्यांतले काही, तेल खवट करणारा हवेतला ऑक्सिजन आधी स्वतःवर घेतात, म्हणून सोबतचं तेल टिकतं. कल्याणच्या बाजारातून संत्री आणवली. साली पिळून काचेवर थेंब थेंब तेल धरलं. डोळे माझे चुरचुरले, संत्री धाकट्या दिराने फस्त केली. गोडेतेलाच्या दोन बाटल्या भरल्या, एकीत सालीचं तेल घातलं आणि दोन्ही खिडकीत ठेवल्या.

सालीचं तेल घातलेली बाटलीच आधी बिघडली.

हुंगलं की आधी संत्रं, मग टर्पेंटाइन, मग खवटपणा. ऑक्सिजन घेणाऱ्यांनी तो घेऊन केलं तरी काय? लिमोनीनच हवेने बिघडलं? की ऊन लागलं? की प्रमाण चुकलं? प्रत्येक उत्तर आधी पटायचं आणि लगेच खोटं वाटायचं. शेवटी रडूच आलं. तेलासाठी नव्हे, कॉलेजसाठी.

सासूबाईंनी दोन्ही बाटल्या हुंगल्या आणि नाक मुरडलं.

"ही तुझी औषध घातलेली ना?"

"हो."

"मग हीच कशी बिघडली?"

काहीबाही सांगून वेळ मारून नेता आली असती. पण डोक्यात इतका गोंधळ होता, की थापही धड जुळेना.

"मला नाही कळत, आई."

त्यांनी बिघडलेल्या बाटलीला बूच घट्ट लावलं आणि ती माझ्या हातात दिली.

"मग घरात बसून कळणार आहे थोडंच? जा, शिकून ये. आणि ही घेऊन जा, नाहीतर कॉलेजातले म्हणतील नुसतीच बोलतेय."