सुधारलेली गोष्ट

एकलहऱ्याच्या रस्त्यावरच्या आमच्या शाळेला कोणीतरी देणगी म्हणून सहा टॅब दिले, त्या वर्षी माझ्याकडे चौथीचा वर्ग होता. टॅबवर गोष्टी लिहायची एक साइट होती. चित्र निवडायचं आणि त्याखाली लिहायचं, की गोष्टीचं पान तयार. फळ्यावरून चार ओळी उतरवताना जांभया देणारी पोरं पान पान लिहू लागली. मला वाटलं, इतक्या वर्षांत पहिल्यांदा काहीतरी जमतंय.

वर्गात कळवणकडून आलेली एक मुलगी होती. वडील कोळशाच्या वीज केंद्रात ठेकेदाराकडे कामाला. आई त्याच उन्हाळ्यात गेलेली. ही घरी अहिराणी बोलायची. वर्गात पोरं हसायची, म्हणून बोलणंच सोडलं होतं. तिने आईची गोष्ट लिहायला घेतली. एका बोटाने अक्षरं शोधत, तीन दिवस. चित्रांमध्ये लुगड्यातली बाई नव्हतीच. तिने समुद्राकडे बघत उभी असलेली, टोपीवाली एक बाई घेतली.

"हीच का गं?" मी विचारलं.

"पाठमोरी शे ना, मॅडम. तोंड दिसत नही."

पहिलं पान मी तिच्या खांद्यावरून वाचलं. आई बकरीला विचारते, "तुले भूक लागनी का वं, बाय?" आणि बकरी उत्तर देते. तेवढ्यात कोणीतरी पडलं म्हणून बाहेरून हाक आली. बाकीचं नंतर वाचू म्हटलं.

पुढच्या आठवड्यात शिक्षण खात्याचे साहेब शाळेला भेट द्यायला येणार होते. मुख्याध्यापक म्हणाले, "मोठ्या पडद्यावर गोष्टी दाखवायच्या. शुद्धलेखन तेवढं बघून घ्या, मॅडम. उगाच शोभा नको."

साइटवर 'सुधारा' असं, भाषा आपोआप शुद्ध करून देणारं बटण होतं. बत्तीस पोरांच्या गोष्टी होत्या आणि मधल्या सुट्टीची वीस मिनिटं. मी एकेक उघडत गेले, बटण दाबत गेले, जतन करत गेले. तिचीही केली.

भेटीच्या दिवशी तिचं नाव पुकारलं. ती उठून पडद्यासमोर गेली. पडद्यावर होतं: 'माझी आई अतिशय प्रेमळ होती. ती मुक्या प्राण्यांवर दया करत असे.'

"वाच बाळा," साहेब म्हणाले.

ती बघतच राहिली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "ही मनी माय नही शे."

पोरं हसली. साहेबही हसले. मी तिला खाली बसवलं आणि पुढचं नाव घेतलं.

त्या संध्याकाळी मी जुनी गोष्ट शोधत बसले. सापडेना. साइटच्या नंबरवर फोन केला. पलीकडची मुलगी फार गोड बोलली. एकदा जतन केलं की आधीचं राहत नाही, एवढंच तिने सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मी तिच्या बाकाजवळ गेले. "आपण परत लिहू या का? तू सांग, मी लिहिते."

"आता आठवत नाही, मॅडम," ती म्हणाली. स्वच्छ, पुस्तकी मराठीत. त्यानंतर ती तशीच बोलत राहिली.

शनिवारी तिचे वडील आले. पाळी संपवून थेट आलेले, भुवयांवर राख तशीच. पोरीने आईवर काहीतरी लिहिलंय, ते ऐकायचं म्हणाले. मी टॅब उघडला. त्यात होतं तेच वाचून दाखवलं. ते मान खाली घालून ऐकत होते.

"चांगलं लिखेल शे," ते म्हणाले. मग मान वर करून, "ती बकरीसंगे बोले, ते कुठे शे?"

मी सगळं सांगितलं. ते रागावतील असं वाटलं होतं. रागावले असते तर बरं झालं असतं. "राहू द्या मॅडम, तुम्ही शिकेल लोक," म्हणून ते उठले आणि गेले.

मी त्या गोष्टीचं पहिलं पान आठवून वहीत लिहून काढायचा प्रयत्न केला. आईचा प्रश्न आठवतो. बकरी काय म्हणाली, ते मी वाचलेलं असूनही आठवत नाही. आणि पुढची दोन पानं तर मी वाचलीच नव्हती. त्या मुलीखेरीज ती कोणीच वाचली नाहीत.

टॅब अजून कपाटात आहेत, चार्ज करून ठेवलेले. मुलगी आता सहावीत आहे. तिच्या निबंधांत एकही चूक नसते, असं तिच्या मॅडम मला कौतुकाने सांगतात.